कऱ्हा, नीरा आणि भीमा : ग्रंथांतून भेटणारा बारामती-इंदापूरचा मुलूख

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके आज ऊस, साखर कारखाने आणि राजकारण यांमुळे ओळखले जातात. मात्र या मुलखाची दुसरी ओळख ग्रंथांमधली आहे. येथील नद्या, दैवते, मेंढपाळ, वारीची वाट आणि दुष्काळ यांविषयी गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत बरेच लिहिले गेले. त्यातील काही सरकारी दप्तरात गेले, काही मासिकांच्या अंकांतून विखुरले, तर काही परदेशी अभ्यासकांच्या इंग्रजी ग्रंथांत जाऊन बसले. एकाच कपाटात हे सारे क्वचितच आढळते.

या परंपरेचा आरंभ अर्थातच मोरोपंतांपासून करावा लागतो. मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे कोकणातले. ऐन तारुण्यात ते बारामतीस आले आणि १७९४ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार दशके, तेथेच राहिले. त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक जोशी हे त्या काळातील बडे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे. १७४० मध्ये बाजीरावांच्या निधनानंतर पेशवेपदासाठी खुद्द बाबूजी नाईकांचेही नाव पुढे आले होते. अशा घरी पुराणिक म्हणून राहून मोरोपंतांनी ‘आर्याभारत’, ‘मंत्रभागवत’, ‘केकावलि’ आणि अष्टोत्तरशत रामायणे रचली. आर्या वृत्तावर त्यांची जी हुकमत होती, ती मराठीत पुन्हा कोणाला साधली नाही. गंमत अशी की, कऱ्हेच्या काठी आयुष्य काढलेल्या या कवीच्या काव्यात बारामती गाव फारसे दिसत नाही. त्यांची भूमी कुरुक्षेत्राची आणि अयोध्येची. गावाने मात्र कवीला आपले मानले, आणि मोरोपंतांचे नाव बारामतीशी कायमचे जोडले गेले.

पंतांचे काव्य प्रथम पसरले ते हरिदासांच्या तोंडून आणि हस्तलिखित पोथ्यांच्या नकलांतून. छापखाना आल्यावर त्यांना नवा वाचक मिळाला. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या १८५४ च्या वेच्यांच्या पुस्तकाने शाळकरी मुलांपर्यंत त्यांच्या आर्या नेल्या. त्यानंतर मोठी कामगिरी केली ती मासिकांनी. माधव चंद्रोबा यांचे ‘सर्वसंग्रह’ आणि १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी सुरू केलेले ‘काव्येतिहाससंग्रह’ यांनी जुन्या बाडांतली कविता अंकाअंकांतून प्रसिद्ध केली. ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले. पुढे लक्ष्मण रामचंद्र पांगारकर यांचा चरित्र आणि काव्यविवेचनाचा ग्रंथ, पंतांचेच वंशज रामकृष्ण दत्तात्रेय पराडकर यांनी संपादित केलेले समग्र ग्रंथ आणि श्री. ना. बनहट्टी यांचे ‘मयूरकाव्यविवेचन’ यांनी हा अभ्यास पक्का केला. नव्या कवितेच्या काळात पंतांवर कृत्रिमतेचा आणि यमकांच्या हव्यासाचा ठपका आला. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु ‘केकावलि’तील आर्त विनवणी वाचल्यावर तो पुरेसाही वाटत नाही.

नियतकालिकांनी संस्कृती जपण्याचा हा प्रकार केवळ महाराष्ट्रात घडला असे नाही. दूर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर त्याचे ठळक उदाहरण सापडते. मराठीत ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले. हवाईयन भाषेतील पहिले वृत्तपत्र त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये निघाले. सॅम्युएल कामाकाऊ यांच्यासारख्या लेखकाने राजवंशांच्या कथा, मंत्र, शेती व मासेमारीच्या रीती वृत्तपत्रांच्या स्तंभांतून लिहून ठेवल्या. १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन माध्यम बंद झाले आणि भाषा ओसरू लागली. तेव्हा जे उरले ते याच जुन्या अंकांच्या आधारे, आणि विसाव्या शतकात त्यातून ग्रंथ तयार झाले. मराठीवर तसा प्रसंग आला नाही. परंतु बारामतीच्या कवीची बाडे वेळीच मासिकांत आली नसती, तर त्यांतील बरीचशी वाळवीच्या तोंडी गेली असती.

पंतांच्या काव्यात न दिसलेली भूमी सरकारी कागदांत मात्र लख्ख दिसते. इंग्रजी अमलात जमीनमोजणी आणि साऱ्याची जी पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली, तिची सुरुवात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात केली. त्यापूर्वी प्रिंगल यांच्या मोजणीने ठरलेला सारा रयतेला पेलवला नव्हता. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना इंदापूरचे नाव ठाऊक असते ते यामुळे. चार दशकांनी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उद्रेक झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता बारामती तालुक्यात आहे. कर्जखते जाळणे हा या दंग्यांचा मुख्य हेतू होता. त्याच्या चौकशीचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला. त्याची भाषा रुक्ष असली, तरी त्या काळच्या शेतकऱ्याच्या घरातली भांडीकुंडी आणि त्याच्या डोक्यावरचे कर्ज त्याइतके स्पष्ट अन्यत्र कोठे दिसत नाही. १८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड तीन भागांत निघाला. गावांची माहिती तिसऱ्या भागात आहे. स्थानिक इतिहास लिहू पाहणारा प्रत्येक जण आजही याच भागापासून सुरुवात करतो.

नीरा डावा कालवा आल्यावर बारामती तालुक्याचे चित्र पालटले आणि ऊस आला. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी माळरानावर वालचंदनगर उभे केले. त्यांचे चरित्र गंगाधर देवराव खानोलकर यांनी लिहिले आहे. काटेवाडीचे शरद पवार यांचे ‘लोक माझे सांगाती’ हे आत्मकथन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते राजकीय आहेच, पण बारामती परिसरातील बालपण आणि शेती यांसाठीही वाचनीय आहे.

नद्यांवरील लेखनाची गोष्ट वेगळी. आचार्य अत्रे यांनी १९६० च्या दशकात आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले आणि एक लहानशी, उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी मराठी वाचकांच्या घरोघरी पोचली. अत्र्यांची कऱ्हा सासवडची. तीच पुढे मोरगावच्या मयूरेश्वराजवळून बारामतीस येते आणि सोनगावला नीरेस मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे भीमेत विलीन होते. पांडवांच्या यज्ञाच्या वेळी ब्रह्मदेवाचा कऱ्हा, म्हणजे कमंडलू, कलंडला आणि नदी वाहू लागली, ही कथा या भागात सांगितली जाते. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९९५ मध्ये आला. नदीमाहात्म्ये आणि लोककथा यांचा असा गंभीर विचार मराठीतही थोड्यांनीच केला आहे.

धनगरांच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. मेंढरांमागे फिरणारा, बिरोबा आणि म्हस्कोबाच्या ओव्या गाणारा, रात्रभर सुंबरान मांडणारा हा समाज या कोरड्या पट्ट्याचा मूळ रहिवासी. त्यांच्या ओव्या आणि दैवतकथा ध्वनिमुद्रित करून गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने १९७६ मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी रूप १९८९ मध्ये आले. ज्या माणसांच्या तोंडून हे गोळा झाले, त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी ते पोचले असेल, हा प्रश्न अस्वस्थ करतो.

वारीचे साहित्यही असेच एका बाजूला झुकलेले आहे. इरावती कर्वे यांचा वारीवरील लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे १९६४ चे ‘पालखी’ ही दोन्ही गाजलेली लेखने ज्ञानेश्वर माउलींच्या वाटेवरची, म्हणजे सासवड-जेजुरी-फलटणच्या. तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरातून जाते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, बेलवाडी आणि इंदापूरला गोल रिंगण होते. दरवर्षी वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात आणि दुसऱ्या दिवशी अंक रद्दीत जातो. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचे नशीब त्या मानाने बरे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे व अन्य जिल्ह्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून त्या इंटरनेटवरही टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागल्या.

अगदी अलीकडचा अध्याय पाण्याखालचा आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठची अनेक गावे बुडाली. भिगवण, कुंभारगावच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले आणि भादलवाडीच्या तलावाकाठी चित्रबलाकांची वीण होऊ लागली. त्यांच्यावर लेख, छायाचित्रांची पुस्तके, मासिकांचे विशेष विभाग निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. त्याच पाण्याखाली गेलेल्या घरांविषयी, गावजत्रांविषयी, तीरावरच्या मळ्यांविषयी मात्र मराठीत फारच थोडे छापले गेले. ज्यांनी ती गावे जाणत्या वयात पाहिली, ते आता साठीच्या पुढे आहेत. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात पळसदेवचे जुने मंदिर वर येते, तेव्हा विस्थापित कुटुंबांतील वृद्ध नातवंडांना घेऊन तेथे जातात आणि आपले घर कोठे होते ते हाताने दाखवतात.