बीपीची गोळी आणि थकलेले हृदय

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक प्रश्न नेहमी कानावर येतो. "हार्ट कमजोर आहे म्हणतात, बीपी तर उलट कमीच आहे, मग ही बीपीची गोळी कशाला?" आणि गोळी परस्पर बंद होते. मी डॉक्टर नाही, पण याचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनीच. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो असे नोंदवले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपले निष्कर्ष छापले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. पण ते औषध दाब उतरवण्यापुरतेच होते.

हृदय थकले की शरीर घाबरते. मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात. हे काही वेळ उपयोगी पडते. पुढे मात्र थकल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकल्यासारखे होते. पाय सुजतात, दम लागतो.

गंमत पाहा, यावरचा उपाय सापाच्या विषातून आला. ब्राझीलच्या सर्जिओ फरेरा यांनी १९६५ साली जराराका सापाच्या विषातल्या घटकावर शोधनिबंध लिहिला. त्या वाटेने कॅप्टोप्रिल तयार झाले. १९८७ साली त्याच जातीच्या एनालाप्रिलची स्कँडिनेव्हियातील चाचणी प्रसिद्ध झाली. अतिशय आजारी अशा २५३ रुग्णांपैकी साध्या गोळीवर असलेले ४४ टक्के सहा महिन्यांत दगावले, एनालाप्रिलवरचे २६ टक्के. वाहिन्या सैलावल्या, ओझे उतरले आणि तेच दुबळे हृदय जास्त रक्त पुढे ढकलू लागले. म्हणजे इथे गोळी आकडा उतरवायला नसते, भार हलका करायला असते.

मात्र बीपीची सगळीच औषधे अशी नाहीत. डिल्टियाझेमसारखी काही कमजोर हृदयाला बाधतात. म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. चक्कर आली तर डॉक्टरांना सांगावे, मूत्रपिंड व पोटॅशियमची तपासणी करावी.

गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने झालेला दिसला. त्याचे मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि हृदय थकवणाराही बहुधा तोच. तेव्हा वाचकहो, गोळी कशासाठी आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण विचारल्याशिवाय बंद करू नका.