आधार कोठे आहे?

उताऱ्यावरील प्रश्न आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांनाही एक इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. त्याच्या मुळाशी एक जुना पेच आहे : वाचलेले समजले, हे ठरवायचे कशावरून?

अमेरिकेत १९१५च्या सुमारास फ्रेडरिक केली यांनी मूकवाचनाची चाचणी रचली. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकच आणि निर्विवाद असावे, तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव राहू नये, ही त्यामागची भूमिका. १९१७ साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. शाळेतील हजेरीच्या नियमाविषयीचा छोटा उतारा मुलांच्या समोरच असे. तो पुन्हा पाहण्याची मुभाही असे. तरीही उत्तरे चुकत. एखादा शब्द मनात अवाजवी मोठा होई, दुसरा विरून जाई. वाचन ही एक तर्कक्रिया आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण केवळ योग्य पर्यायावर खूण केल्याने तो तर्क दिसतो का?

या प्रश्नाला २०१६च्या नव्या 'एसएटी' परीक्षेने थेट हात घातला. आधी अर्थाविषयी प्रश्न, आणि लगेच दुसरा : मागील उत्तराला सर्वांत भक्कम आधार कोणत्या ओळींत आहे? वाचनाच्या ५२ प्रश्नांपैकी १० अशा धर्तीचे असत. या रचनेतही उणीव होतीच. पहिले उत्तर चुकले की दुसरेही बहुधा चुके. आणि चतुर परीक्षार्थी दिलेल्या ओळींवरून उलट मागे जाऊन अर्थ शोधी.

२०२३-२४मध्ये परीक्षा संगणकावर आली. उतारे २५ ते १५० शब्दांचे झाले, प्रत्येकावर एकच प्रश्न. साहजिकच ती जोडी संपली. विभागाच्या नावातील 'पुराव्यावर आधारित' हे शब्दही गेले. पुराव्याचे प्रश्न आजही आहेत. परंतु त्यांत विधान परीक्षक करतो, विद्यार्थी फक्त त्याला साजेसे अवतरण निवडतो.

हा फरक किरकोळ नव्हे. दुसऱ्याच्या विधानाला आधार शोधणे हे पडताळणीचे काम. स्वतः अर्थ लावून त्याची जबाबदारी घेणे हे वाचकाचे. रसग्रहणाच्या उत्तरात तयार मताखाली कवितेच्या दोन ओळी चिकटवलेल्या आपण नेहमी पाहतो. तेथे उणीव पुराव्याची नसते; वाचकाच्या स्वतःच्या विधानाची असते.