टर्बोझोत एंजिन, लघू
लहान विमाने व वैमानिकरहित लक्ष्य-विमाने यांना रेटा देणारे झोत एंजिन. फ्रान्समधील ट्यूर्बोमेका कंपनीचे (स्थापना १९३८) मार्बोरे हे याचे प्रमुख उदाहरण होय. एक केंद्रोत्सारी संपीडक व एका टप्प्याचे टरबाइन अशा साध्या रचनेतून त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सु. ४०० किग्रॅ. रेटा मिळे. अशी दोन एंजिने असलेले फूगा माजिस्तेर हे प्रशिक्षण विमान १९५२ मध्ये प्रथम उडाले. अमेरिकेत परवान्याने बनविलेले त्याचे जे–६९ हे रूप टी–३७ हे प्रशिक्षण विमान व फायरबी हे लक्ष्य-विमान या दोहोंत वापरले गेले. पहिल्यात वैमानिकांचे प्राण एंजिनावर अवलंबून असल्याने टिकाऊपणा महत्त्वाचा. दुसरे केव्हाही पाडले जाणार असल्याने अल्प किंमत महत्त्वाची. भारतात ‘लक्ष्य’ या लक्ष्य-विमानासाठी हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने पीटीएई–७ हे एंजिन विकसित केले.