लंडन पाहिलं, कमाटी बाग राहिली

लंडनला मुलीकडे दीड महिना राहून परत आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं तिकडे?" मी धडाधड नावं सांगितली. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि आपलं कमाटी बागेतलं? ते कधी नीट पाहिलंस?"

मी गप्प झाले. लग्न होऊन सांगलीकडून बडोद्याला आले, त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. कमाटी बागेतलं म्युझियम म्हणजे आमच्या घरी देवमासा! सुट्टीत पाहुणे आले की पोरांना घेऊन जायचं, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहत आलेल्या त्या ७२ फुटी देवमाशाचा सांगाडा दाखवायचा, इजिप्तची ममी दाखवायची आणि बाहेर येऊन भेळ खायची. बाकीच्या दालनांतून आम्ही नुसते चालत जात होतो.

लंडनमध्ये मात्र मी प्रत्येक पाटी वाचली. तिथे मोठ्या संग्रहालयांना तिकीट नाही, याचंच मला पहिल्यांदा अप्रूप वाटलं. ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांसाठी उघडं आहे. नॅशनल गॅलरी १८२४ साली अवघ्या ३८ चित्रांवर सुरू झाली. पुढे तिच्यासाठी ट्रॅफल्गर चौकातली जागा निवडली, ती पश्चिमेच्या श्रीमंत वस्तीतून गाडीने येणाऱ्याला आणि पूर्वेच्या गरीब वस्तीतून पायी येणाऱ्याला सारखीच सोयीची पडावी म्हणून. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं आधीचं नाव साउथ केन्सिंग्टन म्युझियम. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी येता यावं म्हणून त्यांनी दालनांत गॅसचे दिवे लावले होते. तिथल्या एका प्रचंड दालनात रोमच्या ट्राजन स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केलेली. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, ज्याला रोमला जाणं परवडत नाही त्याच्यासाठी रोमच इथे आणून ठेवलंय.

सगळंच काही असं साळसूद नाही, हेही तिथेच दिसलं. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाचे (आपली वऱ्हाडातली नव्हे, आंध्रातली अमरावती) कोरीव दगड आहेत. अथेन्सच्या देवळाची शिल्पं आहेत, ती ग्रीस देश अजून परत मागतो आहे. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये अचानक पार्श्वनाथ समोर आले. मध्य प्रदेशातल्या ग्यारसपूरची, सातव्या शतकाच्या आसपासची दगडी मूर्ती. ध्यानस्थ भगवंत, डोक्यावर नागाची फणा. माझे हात आपोआप जोडले गेले आणि लगेच संकोचाने सुटले. शेजारी एक गोरा मुलगा वहीत त्यांचं चित्र काढत होता. त्याच्या दृष्टीने ते शिल्प होतं. माझ्या दृष्टीने काय होतं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

काकूंच्या प्रश्नानंतर त्याच महिन्यात मी कमाटी बागेत एकटी गेले. त्याआधी थोडं वाचलं, आणि वाचताना कळलं की लंडन तर माझ्याआधी शंभर वर्षं बडोद्याला येऊन बसलंय!

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तोवर त्याला धड अक्षरओळखही नव्हती. तेच हे सयाजीराव. १८८७ साली ते पहिल्यांदा युरोपला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणाऱ्यांचा तो काळ. आमच्यातही वेगळं नव्हतं. वीरचंद गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जाऊन आले, तर आपल्याच समाजात त्यांच्यावर केवढा गहजब झाला! अशा वेळी राजा स्वतः जाऊन पाहून येतो, ही एक गोष्ट. पण जी रयत कधीच जाणार नाही तिचं काय, हा प्रश्न त्याला पडला, ही खरी मोठी गोष्ट.

साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर बडोद्याचं म्युझियम उभं राहिलं. रॉबर्ट चिझम यांनी आराखडा केलेली इमारत १८९४ साली लोकांसाठी उघडली. १९०६ साली सयाजीरावांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०८ साली म्युझियमशेजारी चित्रदालनाचं बांधकाम सुरू झालं. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघते. शाळा आणि चित्रं, दोन्ही त्यांच्या लेखी शिक्षणच होतं. युरोपातली चित्रं निवडायचं काम लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन (नाव बाईसारखं, पण गृहस्थ) यांच्याकडे दिलं. दालन १९१४ साली बांधून झालं आणि नेमकं महायुद्ध पेटलं. चित्रं तिकडेच अडकली. अखेर दालन उघडलं १९२१ साली. सात वर्षं भिंती तयार आणि चित्रांची वाट!

ती चित्रं मी त्या दिवशी पहिल्यांदा थांबून पाहिली. लंडनमध्ये पाहायची सवय लागली होती ना, ती इथे उपयोगी पडली. आणि तशीच रमतगमत अकोट्याच्या मूर्तींपाशी पोचले.

अकोटा म्हणजे आपल्या विश्वामित्रीच्या काठचं, आता शहरात पार मिसळून गेलेलं. जुनं नाव अंकोट्टक. इ. स. ८१२ च्या ताम्रपटात बडोद्याचा उल्लेख वडपद्रक नावाचं खेडं म्हणून येतो, तेही अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांतलं. म्हणजे तेव्हा अकोटा मोठं आणि बडोदं त्याच्या पदरातलं! तिथे १९५१ साली जमिनीतून जैन धातुमूर्ती निघाल्या, एकूण ६८. पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढच्या पाच-सहाशे वर्षांतल्या. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पश्चिम भारतात इतक्या जुन्या काळी असं धातुकाम होत होतं, हे जगाला त्यामुळे कळलं.

त्यांत जीवंतस्वामी आहेत. दीक्षा घेण्याआधी, राजवाड्यातच ध्यानाला उभे राहिलेले महावीर. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, नेसलेलं धोतर. मी दिगंबर घरातली. आमच्या बस्तीतले भगवान निर्वस्त्र, निराभरण. ही श्वेतांबर परंपरेतली मूर्ती मला आधी परकीच वाटली. पण बघत राहिले. सगळं अंगावर असून ज्याचं मन त्यातून निघालंय, असा तो चेहरा. संसारात राहूनच निम्मं आयुष्य काढलेल्या बाईला तो कळायला वेळ लागत नाही.

आणि खाली लेख. सहाव्या शतकाच्या मध्याचा असावा, असं शाहांचं मत. ही जीवंतस्वामींची प्रतिमा चंद्रकुलातल्या नागीश्वरी श्राविकेची देणगी आहे, एवढंच त्यात सांगितलंय. नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाव नाही. तिचं स्वतःचं नाव आणि ती श्राविका आहे, हे. तेव्हाच्या राजेरजवाड्यांतली किती नावं आज आपल्याला ठाऊक आहेत? नागीश्वरीचं मात्र उरलं. ती मूर्ती मंदिरात पूजेत राहिली असती तर लेख रोजच्या प्रक्षाळाने कदाचित झिजून गेला असता. म्युझियममध्ये तिला अभिषेक नाही, आरती नाही, याचं मला वाईट वाटतं. पण तिचं नाव वाचता येतं, हेही खरं. दोन्ही मी मनात ठेवते. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

त्या दिवशी पुन्हा हात जोडले गेले. या वेळी सोडले नाहीत. रखवालदाराने पाहिलं आणि तो दुसरीकडे बघू लागला.

आता पाहुणे आले की देवमासा दाखवतेच, पोरं सोडत नाहीत. पण आधी त्यांना नागीश्वरीकडे नेते. पाटी मोठ्याने वाचायला लावते. परवा मुलगी लंडनहून आली होती, तिला म्हटलं, "तिकडचं तू मला दाखवलंस, आता इकडचं मी दाखवते." काकू आता नाहीत. असत्या तर त्यांनाही बरोबर घेऊन गेले असते.