बिनतारी निरोपांची साखळी

खेड्यापाड्यांत मोबाइल येण्यापूर्वीची गोष्ट आहे. त्वरिता देवीच्या या तलवाड्यातून आणि आसपासच्या गावांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास निघत आणि साखरपट्ट्यातील फडाफडांवर विखरून राहत. संपाचा निरोप त्यांच्यापर्यंत न्यावयाचा, तर आमच्यापाशी ना वाहन होते, ना छापखाना. आम्ही एका टोळीस सांगावे आणि तिने शेजारच्या टोळीस सांगावे, अशी रीत होती. मधली टोळी दुसऱ्या फडावर हलली असली, तर निरोप वळसा घेऊन जाई, पण जाई. पुढे बिनतारी यंत्रांविषयी वाचू लागलो, तेव्हा हीच रीत तेथे भेटली आणि आम्हांस त्या विषयाची गोडी लागली.

बिनतारीचा आरंभ मात्र निराळा आहे. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात भिंतीपलीकडून विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. परंतु व्यवहारात ही विद्या राबली ती सरकार आणि मोठा व्यापार यांच्यासाठी. 1927 साली खडकीहून इंग्लंडला संदेश धाडण्याची आणि तिकडचे संदेश दौंडला घेण्याची सोय झाली. उंच मनोरे, भरपूर वीज आणि हजारो मैलांवरील दोन टोके, असा तो कारभार होता.

दुसरा विचार 1970 नंतर पुढे आला. 1971 साली हवाई विद्यापीठाने वेगवेगळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओने आपल्या संगणकाशी जोडली. 1973 पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने, एका ठाण्याने दुसऱ्याचा निरोप पुढे न्यावा, असे प्रयोग सुरू झाले. एखादे ठाणे पडले तरी संदेश अडू नये, हा त्यातील हेतू. पुढे यंत्रे बोटाच्या पेराएवढी झाली. 2003 साली त्यांच्या संभाषणाचे नियम '802.15.4' या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि 2004 च्या अखेरीस त्यांवर उभी राहिलेली 'झिगबी' पद्धत आली. मधमाश्या नाचून एकमेकींना मधाची वाट सांगतात, त्यावरून हे नाव पडले.

या ठाण्याची हवेत सोडण्याची शक्ती बहुधा एक मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे घरातील नऊ वॅटच्या दिव्याच्या नऊ हजाराव्या हिश्शाएवढी. एका खेपेस 127 बाइटांहून मोठा निरोप जात नाही. बॅटरीवरील ठाणी बहुतेक वेळ निजून असतात, म्हणून ती दीर्घकाळ टिकतात. ज्यांना अखंड वीज मिळते, ती जागी राहून निजलेल्यांचे निरोप वाहतात. ज्याला झेपते त्याने अधिक भार घ्यावा, हा संघटनेचाही नियम आहे.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी नाशिकच्या द्राक्षमळ्यांत असे जाळे लावून मातीची ओल आणि हवेची आर्द्रता टिपली. ओल कळली म्हणजे पाणी केव्हा सोडावे हे कळते. अवर्षणाच्या आमच्या जिल्ह्यास याचे मोल सांगावयास नको.

परंतु हीच विद्या विजेच्या मीटरातही आली आहे. 2021 साली केंद्र सरकारने 25 कोटी स्मार्ट मीटर बसविण्याची योजना आखली. कित्येक ठिकाणी एक मीटर आपला आकडा शेजारच्या मीटराकडे देतो आणि तो हातोहात कचेरीत पोहोचतो. आजवर हे काम उन्हातान्हात दारोदार फिरणारा मनुष्य करीत आला. तो बहुधा कंत्राटदाराकडील असतो. त्याला कोणी विचारले काय? नियम ठरविणाऱ्या बैठकींत अभियंते होते, कंपन्या होत्या, तो नव्हता.

आम्ही यंत्राचे शत्रू नाही. उन्हातली पायपीट वाचली तर ती वाचावीच. आमचे म्हणणे एवढेच की, वाचलेल्या श्रमाचा हिशेब त्या मनुष्यापुढेही मांडला जावा. मीटर बसविणे, तपासणे आणि दुरुस्त करणे या कामांचे शिक्षण त्याला प्रथम मिळावे. ग्राहकाला आपल्या घरचा आकडा कचेरीइतकाच स्पष्ट दिसावा. जाळ्यातील एक ठाणे बंद पडले, तर यंत्र वळसा घेऊन पुढे जाते आणि त्या ठाण्याला विसरते. आमची टोळीही वळसा घेत असे. पण संध्याकाळी मागे राहिलेल्यांचा शोध घेण्यास आम्ही माणूस पाठवीत होतो. तो माणूस आजही पाठविला पाहिजे.