रायगड किनाऱ्यावरील रोपवाटिका-शिक्षण

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्याची कलमे ही बागायतीची मुख्य अंगे होत. या बागायतीस लागणारी रोपे तयार करण्याचे शिक्षण दीर्घकाळ वाडीतच मिळत असे. ते वाडीबाहेर कसे आले, याचा उलगडा कलमे बांधण्याच्या पद्धतीतील बदलावरून होतो.

भेटकलमात कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन बांधावे लागते. त्यासाठी झाडाभोवती मांडव घालावयाचा आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने कुंड्यांना पाणी देत राहावयाचे. साहजिकच ज्याच्या वाडीत जातिवंत हापूस उभा, त्याच्याच आवारात हे काम चाले व शिकणाराही तेथेच शिके. पद्धत संथ व खर्चाची खरी. परंतु कलम कोणत्या झाडाचे याविषयी संशयास जागा नसे, कारण ते झाड समोरच असे.

कोयकलमाने ही बांधणी मोडली. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या तांबूस, कोवळ्या दांड्यावर कलमकाडी पाचरीने बसवावयाची. कोकणातील पावसाळ्याची दमट हवा यास विशेष अनुकूल ठरली. आता काडी दुरून आणता येऊ लागली, आणि म्हणूनच हे काम वर्ग भरवून शिकविणेही शक्य झाले. १९७२ साली दापोलीस कृषि विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला व कृषि विज्ञान केंद्र रोह्याला आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाल्यावर कलमांना एकाएकी मोठी मागणी आली आणि रोपवाटिका हा उपजीविकेचा स्वतंत्र मार्ग ठरला.

मात्र काडी झाडापासून तुटली, तशी तिची ओळखही तुटली. कलम फळास येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोवर फसवणूक ग्राहकास कळत नाही, आणि कित्येकदा विक्रेत्यासही कळत नाही. फळरोपवाटिकांना परवाना आवश्यक करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६९ सालचा आहे. परंतु परवान्याने जात सिद्ध होत नाही. ती मातृवृक्षाच्या नोंदीनेच होते. चाकू चालविणे थोड्या दिवसांत साधते. खुंट कोठला, काडी कोणत्या झाडाची, बांधणी कोणत्या तारखेची, हे प्रत्येक वाफ्यागणिक लिहिण्याची शिस्त लावणे हाच रोपवाटिका-व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा गाभा मानला पाहिजे.

सुपारीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. पोफळीचे कलम होत नाही. सारे भवितव्य बियाण्यावर. त्यासाठी नियमित फळणारे, मध्यम वयाचे झाड हेरावयाचे, पूर्ण पिकलेली वजनदार फळे निवडावयाची. ती पाण्यात सोडता देठाची बाजू वर ठेवून उभी तरंगतात, त्यांची रोपे जोमदार निघतात. पुढे वर्ष-दीड वर्ष सावलीत रोपे वाढवून खुरटी व विरळ पानांची वगळावयाची. रोप वाडीत लागल्यावर पहिल्या फळास आणखी पाच-सात वर्षे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि तेथील पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रोपांची गरज सर्वाधिक असताना बियाण्याची झाडेच हानी पावली. अशा वेळी बी उरलेल्या पोफळींतूनच निवडावे लागते. आणि त्यांच्या फलनाची वर्षवार नोंद कोणी ठेविलेली नसल्यास ती निवड वाडीच्या मालकाच्या स्मरणावर सोपवावी लागते.