भुयारांतील स्थापत्य

दौंडवरून पुण्यास येणारा लोहमार्ग १८५८ सालचा. त्या युगांत स्टेशनाचा रुबाब दर्शनी भागांत असे. १८८८ सालीं पूर्ण झालेलें मुंबईचें बोरीबंदर हें त्याचें शिखर होय. भुयारी स्टेशनास मात्र दर्शनी भागच नसतो. त्याची सारी कला उदरांत. १८६३ सालीं लंडननें आगगाडी भुयारांत नेली. १९३५ सालीं मॉस्कोनें तेथें संगमरवरी महाल उभारले.

२०२३ च्या ऑगस्टांत पुण्याच्या मेट्रोचीं शिवाजीनगर व जिल्हा न्यायालय हीं भुयारी स्टेशनें खुलीं झालीं. शिवाजीनगर हें नांव शिरूरकरांस एस.टी.मुळें परिचित. तेथील स्टेशनानें दुर्गाचा साज घेतला आहे. तो मनास भावतो. परंतु गडावर भार दगड पेलतो, येथें काँक्रीट. दुर्ग हा केवळ वेष ठरतो. याउलट, जिल्हा न्यायालय स्टेशन सुमारें ३३ मीटर खोल असूनहि छतांतून आलेला सूर्यप्रकाश तेथें फलाटापर्यंत पोहोंचतो. जमिनीखालीं उतरलेल्या माणसाचें दिशेचें व वेळेचें भान सुटतें. तें जी रचना सांभाळते, तीच भुयारांतील खरी कला. गड बांधणाऱ्यांनीं गरजेंतूनच बुरुजांस आकार दिला. त्यांचा वारसा या उजेडांत अधिक दिसतो.